खिळ्यावरची चावी
बारावीचा पेपर अचानक पुढं ढकलला आणि चिचगडच्या घरी मला एक दुपार मोकळी मिळाली. आईची लग्नगाणी, बाबांची भीमगीतं, माझी सिनेमाची गाणी अशा सगळ्या कॅसेटी मी ट्रंकेतून काढल्या, पुसल्या आणि फाटक्या लेबलांवर नवी पांढरी लेबलं चिकटवली. नावं लिहायला बसले तर पेनातली शाई संपलेली. कोणती कुठली हे मला पाठ होतं, म्हणून लेबलं कोरी ठेवून कॅसेटी फळीवर मांडल्या. तेवढ्यात जीपमध्ये सवाऱ्या घेऊन देवरीला निघालेले बाबा पाणी प्यायला आत आले. चावी खिळ्याला अडकवून त्यांनी एक कॅसेट उचलली, डोळ्यांजवळ धरली. "अक्षर मस्त काढलं बेटा, आता साफ वाचता येते." मी हसायला गेले, पण ते गंमत करत नव्हते. मागच्या आठवड्यात जीपचा आरसा कडुलिंबाला घासून फुटला, तेव्हा "झाडच आडवं आलं" म्हणाले होते आणि आम्ही सगळे हसलो होतो. बाबा माठाकडे वळले. बाहेरून कोणीतरी हॉर्न दाबला. "चला ना ड्रायव्हर भाऊ, काऊन उशीर करून राहिले?" जीपमध्ये अकरा सवाऱ्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं लेकरू. पाणी पिऊन बाबा आले आणि भिंतीवर खिळा चाचपू लागले. "चाबी इथंच ठेवली होती ना?" "मला नाही दिसली, बाबा," मी म्हणाले. पाठीमागे धरलेल्या मुठीत चावीचे दात रुतत होते.