वेशीवरचा राखणदार

अँड्र्यूने गेममध्ये स्क्रिप्ट लिहून देवळाली प्रवराची वेस उभारली आणि तिथे आपल्याच नावाचा राखणदार ठेवला. कुणी काही लिहिलं, की स्क्रिप्ट त्या वाक्यात ठरावीक शब्द शोधायची. सापडला तर राखणदार अँड्र्यूने लिहून ठेवलेलं उत्तर द्यायचा. अँड्र्यू अपघातात गेला. महिन्याभराने त्याच्या बहिणीने, दीनाने, तो गेम आईला दाखवला. "जेवला का, विचार," आई म्हणाली. दीनाने लिहिलं. स्क्रिप्टला ‘जेवला’ सापडलं. "व्हय आई, पोटभर," उत्तर आलं. आई हसली. "घरी कवा येतो, विचार." स्क्रिप्टला या वाक्यात काहीच सापडलं नाही. "समजलं न्हाई," राखणदार म्हणाला. आईचा चेहरा पडला. दीनाने घाईघाईने स्क्रिप्ट उघडली आणि भावाच्या नावाने नवं उत्तर लिहायला घेतलं. आईने तिचा हात धरला. "राहू दे, बाई. त्याच्या तोंडचं तू नको लिहू."