धुतलेल्या बाटल्यांचा कायदा

छातीवर हात ठेवून, गळ्याशपथ सांगते: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या चहात जन्मभर मीठ घाला.

शिपायानं आमदारांच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा एक बाई टेबलापाशी बसून कागद चाळत होत्या. थंड पेयवाल्यांच्या संघाचे सेक्रेटरी आत शिरले, घसा खाकरला आणि समोरच्या खुर्चीत अवघडून टेकले. निवडणूक नुकतीच झालेली. यंदा चेहरे सगळे नवे. कार्ड शिपायाकडे आधीच दिलेलं, म्हणजे स्वतःची ओळख पुन्हा करून द्यायची नव्हती. आणि समोरच्याला तुम्ही कोण म्हणून विचारायची तर या धंद्यात सोयच नाही. आमदाराला नाव विचारलं की काम मेलं. वीस वर्षांत सेक्रेटरींनी ते पाप एकदाही केलं नव्हतं.

काम नाजूक होतं. नवा कायदा येऊ घातला होता: पेयाची काचेची बाटली एकदाच वापरायची, धुऊन पुन्हा भरायची नाही. संघातल्या बड्या कंपन्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. छोटे सभासद मात्र साफ झोपणार होते, आणि त्यात सेक्रेटरींची सख्खी ताई. तिच्या कारखान्यात बावीस बायका दिवसभर बाटल्या धुवायच्या. ताईनं सकाळीच फोनवर बजावलं होतं, शुक्रवारच्या बैठकीत हे पास झालं तर त्या बाविसांना घेऊन मी तुझ्याकडे जेवायला येणार, आणि रोज येणार.

सेक्रेटरींनी हळूच विषय काढला. धुतलेली बाटली कशी स्वच्छ असते, तिच्यावर किती चुली पेटतात, सगळं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. मग त्यांनीच सुरुवात केली. जुन्या काचेचा टवका उडतो, ओठ कापतो, नव्या बाटलीला तोड नाही. 

सेक्रेटरी बुचकळ्यात पडले. आमदारानं कसं, ऐकावं, जांभई द्यावी आणि 'बघू' म्हणावं. ही बाई उलट आपल्यालाच पटवतेय.

"शेवटी सगळं तुमच्या हातात आहे," बाई अदबीनं म्हणाल्या.

"माझ्या? कशाला चेष्टा करता गरिबाची."

बाई कसनुसं हसल्या. सेक्रेटरीही हसले. का, ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंबाच्या पेयाची पेटी नेली. रिकाम्या हातानं जायचं नाही, ही संघाची रीत. बाईंनी पेटी ठेवून घेतली आणि टेबलाखालून एक खोकं काढून त्यांच्यापुढे सरकवलं. आत सहा नक्षीदार काचेचे पेले. वीस वर्षांत कुठल्या आमदारानं त्यांना पाण्याचा साधा पेलाही पुढे केला नव्हता.

खोकं काखोटीला मारून ते ताईकडे गेले. ताईनं पेला उजेडात धरून वाजवून पाहिला.

"आमदार तुला आहेर करतेय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे गं माझं."

"तुझं कोण विचारतंय? तिचं म्हणते मी."

तिसऱ्या दिवशी बाईंचे डोळे सुजलेले होते. आमच्याकडेही माणसं आहेत, म्हणाल्या, भट्टी थंड पडली की तीही घरी बसतात. सेक्रेटरींना वाटलं, मतदारसंघात काचेची भट्टी असणार. त्यांना बावीस बायका आठवल्या, आणि का कोण जाणे, या बाईंचीही दया आली. मग दोघांनी डोकं लावून मधला रस्ता काढला. बाटली उकळत्या पाण्यात धुवायची, दहा वेळा भरायची आणि मग वितळायला भट्टीत पाठवायची. म्हणजे ताईचाही कारखाना चालेल आणि भट्टीही पेटती राहील.

बाईंनी स्वतःच्या हातानं कागद लिहिला आणि पेन पुढे केलं. "आधी तुम्ही करा सही."

"छे, मान तुमचा."

असं चार वेळा झालं. शेवटी दोघांनी सह्या केल्या. सेक्रेटरींनी खाली हुद्दा लिहिला नाही, बाईंनीही नाही. आमदारापुढे हुद्दा कसला मिरवायचा? कागद शिपायाकडे देऊन ते बाहेर पडले.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"पटलं त्यांना."

"मग तोंड असं का?"

"माझं मलाच कळत नाहीये. एवढ्या लवकर कधी कुणाला पटत नाही गं."

शुक्रवारी समितीच्या खोलीत गर्दी होती. बाई सेक्रेटरींच्या शेजारच्याच बाकावर येऊन बसल्या. आमदारांच्या खुर्च्या पुढे रिकाम्या पडलेल्या आणि या इथे कशा, हे काही सेक्रेटरींना उमगेना. तेवढ्यात शिपाई ओरडला, आमदारसाहेब आले. एक टकले गृहस्थ नाक पुसत आले आणि मधल्या खुर्चीत बसले. "पेयवाल्यांचे सेक्रेटरी कुठायत? आणि काचवाल्यांचे?"

सेक्रेटरी उभे राहिले. शेजारी बाईही उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बराच वेळ कुणालाच खाली बसायचं सुचलं नाही. साहेबांनी चष्मा लावला, दोन सह्यांचा तो कागद वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "कायदा असा हवा." भराभर हात वर झाले. ताईच्या बावीस बायका आजही बाटल्या धुताहेत, जाऊन बघा हवं तर. सगळं अस्सं घडलं. एवढी एकच गोष्ट मी पदरची घातली: साहेबांनी तो कागद वाचला, ही.