दोन शाळांचं कपाट

चहाचा कप खाली ठेवत इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "उद्या बंद आहे म्हणतात. मग जयवंत मास्तरांची शाळाही आजच उरकून टाकतो. लालबागलाच ना? चला बाई, वाट दाखवायला तुम्हीच चला."

 कौसल्याबाईंच्या परळच्या मुलींच्या शाळेत साहेबांनी आत्ताच शास्त्राचं कपाट उघडून पाहिलं होतं. तराजू, लोहचुंबक, स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, सगळं जागच्या जागी. साहेब खूश होते. फक्त तेच कपाट जयवंत मास्तरांच्या मुलांच्या शाळेचंही होतं. अर्धा आठवडा परळ, अर्धा लालबाग, अशी हातगाडीवरून त्याची फेरी चालायची. खात्याचा नियम असा, की ज्या शाळेकडे स्वतःचं कपाट नाही तिला आठवीचा वर्ग नाही. दोन कपाटांची ऐपत कुणाची होती? दोन्ही शाळांनी मिळून एक घेतलं आणि साहेब एकाच दिवशी दोन्हीकडे येणार नाहीत, या भरवशावर राहिल्या.

कपाट जवळच्या वाटेने पुढे न्यायला बाईंनी लहू हातगाडीवाल्याला डोळ्यांनीच खुणावलं आणि साहेबांना लांबच्या वाटेने नेलं. वाटेतलं मारुतीचं देऊळ दाखवलं. साहेबांना देवाधर्माचं विशेष नव्हतं, पण बिचाऱ्यांनी बूट काढले, पुन्हा बांधले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला नुसतं सावकाश चालणंही किती जड जातं!

लालबागच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" रस्ता माणसांनी भरून गेला होता आणि ऐन मधोमध लहूची गाडी अडकली होती. "शाळेचं कपाट हाय, वाट द्या!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी हौसेने गाडीला हात लावले. त्या ओढाताणीत वरची ताडपत्री घसरली. साहेब थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला.

तेवढ्यात गर्दीतून शेवंता पुढे आली. गिरणीत कामाला जाणारी बाई. तिची राधा कौसल्याबाईंकडे सातवीत होती आणि थोरला चंदू मास्तरांकडे. एक वर्ष नापास झाल्यामुळे तोही सातवीतच.

"बगा सायेब," ती कपाटावर थाप मारून म्हणाली, "आमच्या दोन शाळांत मिळून येकच कपाट! अर्दा हप्ता हिकडं, अर्दा तिकडं. आमी चाळीचाळीतनं वर्गनी काडून घेतलंय."

इतक्या अभिमानाने सांगितलं तिने, की बाईंना तिचा रागही येईना.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. गाडी का अडली ते बघायला जयवंत मास्तर धावत आले होते, त्यांनाही त्यांनी जवळ बोलावलं. "नियम मी केलेला नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कपाट एक, तर आठवी एक. कुणाच्या नावावर लिहू?"

मास्तर गाडीच्या चाकाकडे बघत राहिले. खडूसुद्धा वाटून घेतलेली ती दोन माणसं, पण 'तुम्ही घ्या' हे शब्द दोघांच्याही तोंडून निघेनात. आपल्याकडे आठवी नसली तर या पोरींना दूरच्या शाळेत कुणी पाठवणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. 'आमच्या' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला, आणि त्यांना त्याची लाज वाटली.

"दोगांच्याबी लिवा की," शेवंता म्हणाली. "माजं येकेक लेकरू दोनीकडं हाय."

"एकाच्याच लिहिता येतं, बाई."

आपण काय बोलून बसलो ते शेवंताला आत्ता कळलं. तिने बाईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. फार वेळ लागला नाही.

"मग मास्तरांच्या लिवा."

"अगं, राधा वर्गात पहिली येते," बाई कशाबशा म्हणाल्या.

"ठावं हाय बाई. जीव तुटतो माजा. पन पोराला नोकरी लागाया पायजे. तिला काय, सातवी लई झाली."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "किल्ली मास्तरांकडे देऊन टाका," ते म्हणाले.

किल्ली बाईंच्या पदराला बांधलेली होती. त्यांना गाठ काही सुटेना. शेवंतानेच मग त्यांचा पदर हातात घेतला, नखांनी गाठ सोडवली आणि किल्ली काढून मास्तरांच्या हातावर ठेवली.