नैवेद्याआधी

रॅकवर सायकली एकशे सहा. मिनलच्या सायकलखाली एक टॉवेल, बुटांचा जोड, हेल्मेट, पाण्याची बाटली आणि तीन खजूर. दोरीपलीकडे बघायला आलेली माणसं साधारण सत्तर. तिने दोनदा मोजली. तिच्या घरचं त्यात कोणी नव्हतं.

घरचे अकरा जण तिथून थोड्याच अंतरावर, सावनेर रस्त्यालगतच्या शेतात होते. आज मारुतीचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा नैवेद्य. वर्षातून एका रविवारी सगळे त्यासाठी जमायचे आणि मिनलची ट्रायथलॉन स्पर्धा नेमकी त्याच रविवारी आली होती. पहाटे ती नंदनवनातल्या घरातून निघाली तेव्हा तिचा भाऊ अमोल गाडीत गोवऱ्या भरत होता.

"पोहाले पैसे, सायकलीले पैसे, पयाले पैसे," तो म्हणाला. "आपल्या म्हशी तं फुकटच पोहतेत वं."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते एकेक गोवरी उलटून ओली कोणती ते बघत होते.

"किती वाजेपर्यंत होईन तुहं?" त्यांनी विचारलं.

"अकराच्या आत व्हायला पाहिजे. चार तासच देतेत."

गेल्या वर्षी ती पोचली तेव्हा आयोजकांनी घड्याळ काढून टेंपोत ठेवलं होतं.

सातला शिट्टी झाली. तलावात पहिल्या वळणापर्यंत तिच्या आजूबाजूला हातपाय होते, नंतर फक्त पाणी. बाहेर आली तेव्हा रॅक जवळजवळ रिकामा झाला होता. सायकलवर तर बराच वेळ पुढे कोणी दिसलं नाही, मागेही नाही. दुसऱ्या फेरीत निंबाच्या झाडांमागे धूर दिसला. गोवऱ्यांचा धूर लाकडाच्या धुरासारखा वर चढत नाही, शेतावरच पसरून राहतो. तो आपलाच, हे तिला कळलं. तिने एक खजूर तोंडात टाकला आणि मान खाली घातली.

धावायला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. पाच किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. तिसऱ्या किलोमीटरच्या पाटीजवळ एक मोटरसायकल उभी होती. ती बाबांची होती. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. हात कोपरापर्यंत राखेने माखलेले, हातात पळसाचं पान, पानावर फोडलेला रोडगा, त्यावर तूप. वाफ निघत होती.

"घे वं. पहिलाच काढला."

मिनलने वेग कमी केला, पण थांबली नाही.

"नैवेद्य झाला?"

"नाही."

नैवेद्याआधी त्यांच्याकडे रोडग्याला कोणी बोट लावत नसे. अमोलचा पोरगा तीन वर्षांचा असताना त्याच्या तोंडातला तुकडा बाबांनी काढून घेतला होता. पोरगा रडून निळा पडला, तरी मारुतीसमोर पान ठेवेपर्यंत त्याला कोणी काही दिलं नव्हतं.

"नाही घेता येत, बाबा. बाहेरच्या माणसाकडून काही घेतलं तं बाद करतेत."

"मी बाहेरचा आहो काय?"

ते तिच्या बाजूने पळू लागले. दोन्ही हातांत पान, पायांत चपला. रस्त्यावर चपला फटाफट वाजत होत्या.

"अर्धा घे. मग लाग पयाले."

पुढच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला पंच उठला. त्याने शिट्टी मारली.

"ओ काका! सोबत पयू नका. पोरीलेच भोवते ते."

बाबा होते तिथेच थांबले. आधी पंचाकडे पाहिलं, मग पानाकडे. मिनलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाय उचलले. तुपाचा वास काही पावलं सोबत आला.

वळणाच्या खांबाला वळसा घालून ती परत फिरली तेव्हा झाडांमागचा धूर दिसेनासा झाला होता. म्हणजे निखारे विझत आले असणार, सगळे रोडगे राखेतून काढायला झाले असणार. पंगत मांडून नैवेद्यासाठी सारे थांबले असणार. आणि नैवेद्य बाबाच दाखवत.

बाबा अजून पाटीजवळच होते. पान मोटरसायकलच्या सीटवर, दुपट्ट्याखाली झाकलेलं. हात पाठीमागे बांधलेले, शाळेत उभं केल्यासारखे. खिशातला फोन वाजत होता. ते उचलत नव्हते.

ती जवळ आली तसे ते कडेच्या पांढऱ्या पट्ट्यामागे सरकले. पंचाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले.

"मिनल, टाळी वाजवली तं चालते काय वं?"

तिच्याकडे बोलण्याएवढा श्वास नव्हता. तिने हात वर केला. त्याचा अर्थ त्यांना काय लागला, ते तिला कळलं नाही. पुढे गेल्यावर ती कान देत राहिली. स्वतःचे बूट ऐकू आले. मागे फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

शेवटच्या रेषेवर घड्याळ जागच्या जागी होतं. दोरीपलीकडे आता नऊ माणसं उरली होती आणि ती आपापल्या माणसाचे फोटो काढत होती. एका अनोळखी बाईने मिनलच्या गळ्यात मेडल घातलं आणि रस्त्याकडे पाहिलं, मागून अजून कोणी येतं का ते.

कर्ण्यावर नाव पुकारलं गेलं, "मिनल रुपराव लांजेवार."

वेळ तीन तास, अठ्ठावन्न मिनिटं, चाळीस सेकंद.