बोटभर वर

शेवटचं पान उघडलं, बदामाची सत्ती आली, आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या साडूने आपली उरलेली चारही बटणं पुढे सरकवली.

"चारही," तो म्हणाला. "बघा मास्तर, झेपत असेल तर."

टेलरमास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपर्यंत ज्याला पत्ते धड धरता येत नव्हते, तो आज झेपण्याच्या गोष्टी करतो! मास्तरांकडे तीन राजे होते, दोन हातात झाकलेले आणि एक टेबलावर. पण टेबलावरच्या पाच पानांत बदाम तीन होते. साडूच्या हातात आणखी दोन असले, तर पाच बदामांपुढे राजे गेले बाराच्या भावात.

बटणं मास्तरांच्याच दुकानातली, शर्टाची. एक बटण म्हणजे एक सुट्टी. सासऱ्यांना महिन्यातून बारा वेळा डायलिसिसला न्यायचं. तीन जिने खाली, तीन जिने वर, लिफ्ट नाही. जावयांनी खेपांवरून भांडू नये म्हणून सासऱ्यांनीच तोडगा काढला होता. एक तारखेला दोघांना सहा-सहा बटणं द्यायची आणि पोकर खेळायचा. शेवटी ज्याच्याकडे जितकी बटणं, त्याला तितक्या सुट्ट्या, आणि त्या खेपा दुसऱ्याच्या गळ्यात. खेळ सासरे जहाजावर नोकरीला असताना शिकलेले, त्यामुळे पत्ते वाटायला तेच.

मास्तरांकडेही चारच बटणं उरली होती, चार आधीच मधे पडली होती, आणि डाव शेवटचा होता. पान टाकलं तर चार सुट्ट्या पदरात, आठ खेपा डोक्यावर. चारही लावून जिंकले तर अख्खा महिना मोकळा. हरले तर बाराच्या बारा खेपा बोकांडी. आणि दुकानात दीडशे गणवेश बेतून पडलेले, शाळा उघडायला पंधरा दिवस. एका खेपेत एक दिवस जातो.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "बिऱ्हाड केलंत का त्या पानांवर? दोनला निघायचंय आजच्या खेपेला."

मास्तर पानांकडे बघतच नव्हते. ते साडूच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. खांदा बोटभर वर होता.

हे गुपित त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. साडूच्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता. ट्रायलला "अगदी झकास बसलाय" म्हणताना त्याचा डावा खांदा वर गेला, आणि नंतर कळलं की कोट काखेत काचत होता. साडू खोटं बोलला की खांदा वर. त्या खांद्याच्या जिवावर मास्तरांनी मागचे दोन महिने त्याला धुऊन काढलं. दोन महिन्यांत त्यांच्या वाट्याला खेप आली एकच, तीही त्यांनी वॉचमनला हाताशी धरून उरकली.

आज मात्र खांद्याचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळपासून दोन मोठ्या डावांत मास्तरांनी तो निरखला, दोनदा वर दिसला म्हणून बटणं लावली, आणि दोन्ही वेळा साडूकडे खरोखरच भारी पानं निघाली. पुढच्या डावांत नशिबाने हात दिला म्हणून मास्तर कसेबसे बरोबरीला आले होते. लेकाचा शिकला की काय? मुद्दाम उचलतोय? चिडचिड नुसती! इतकी वर्षं माणसं मापली, आणि या काडीपहिलवानाचा एक खांदा समजू नये?

"खरं सांग," मास्तर शेवटी म्हणाले. "बदाम आहेत?"

"आहेत," साडू म्हणाला.

मास्तरांना खांदा आणखी जरासा वर गेल्यासारखा वाटला. बस्स. माप ते माप. मास्तरांनी चारही बटणं हाताच्या फटक्याने मधे ढकलली. एक घरंगळत टेबलाखाली गेलं.

साडूने पानं उलटली. बदामाचा एक्का आणि बदामाचा पंजा.

"अरे, पण खांदा!" मास्तर ओरडले. "तुझा खांदा वर होता की!"

"खांदा?" साडूला आधी काही कळेना. मग तो उजव्या हाताने डावा खांदा चोळायला लागला. "तो खालीच येत नाही हो आता. महिना झाला असेल. बाबांना उचलून एवढे जिने..." सासऱ्यांकडे लक्ष जाताच तो मधली बटणं आपल्याकडे ओढायला लागला.

मास्तरांना आता राग कोणावर काढावा तेच सुचेना. त्यांनी वाकून टेबलाखालचं बटण शोधलं आणि साडूच्या ढिगात ठेवलं. सासऱ्यांनी पत्ते गोळा करून डबीत घातले, घड्याळ पाहिलं.

"चला जावईबापू," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्चीतूनच दोन्ही हात वर केले, छातीचं माप देताना गिऱ्हाईक करतं तसे.

मास्तरांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला.