वळणावरची थरथर

लढाईतून आलेली जुनी जीप सालेकशाच्या जंगलात एकाच वळणावर थरथरायची. भैयालाल मिस्त्रीनं पुढचे-मागचे सगळे जॉइंट बदलून पाहिले, तरी तेच. "जागाच खराब आहे, मिस्त्री," ड्रायव्हर मनीराम म्हणायचा.

ती जागा भैयालालला ठाऊक होती. मोहफुलं वेचून परतणारी त्याची लेक चमेली तिथंच कुठल्याशा गाडीखाली गेली होती. तेव्हापासून येणारा-जाणारा तिच्या नावानं तिथं एक गोटा ठेवायचा.

शेवटी भैयालालनं स्वतः जीप चालवली. वळणावरून ती मुकाट गेली. थरथरला फक्त शेजारी बसलेल्या मनीरामचा ॲक्सिलेटर दाबायचा पाय.

भैयालालनं जीप थांबवली.



"गाडी बराबर आहे, मनीराम. उतर, आन् चमेलीले गोटा ठेव."