नारळातलं पाणी

नारळी पौर्णिमेला विक्रोळीच्या खोलीत प्रेमाताईंनी तूप-लवंगांवर परतलेला भात गॅसवर वाफेला ठेवला आणि नारळ कानाशी धरून हलवून पाहिला.

मुलगा हर्षद जहाजावर नोकरीला. तो सुखरूप परत यावा म्हणून त्या दरवर्षी देवाला नारळीभाताचा नैवेद्य दाखवत.

हात थांबला, तरी आतलं पाणी हलतच राहिलं.

"श्वेता, ऐक गं जरा."

सुनेने कान लावला. "अहो आई, लाटाच आहेत की नुसत्या! तुमचा लेक बसलाय वाटतं आत," ती हसली.

प्रेमाताईंनी देवाचं नाव घेऊन नारळ फोडला. आत पाण्याचा थेंबही नव्हता.

श्वेताचं हसू मावळलं. तिने घाईघाईने हर्षदला फोन लावला.

रिंग गॅसवरच्या पातेल्यात, झाकणाखाली वाजू लागली.